दुसऱ्या क्रमांकाची पट्टी

१२ जून

नाकतोड्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पत्र उघडलंस, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले. उरलेलं एवढं पान वाचून टाक, फार वेळ खात नाही.

मे महिन्यात आत्याबरोबर पुदिन्याच्या तेलाची तपकिरी बाटली पाठवली होती, तुझ्या घड्याळजींच्या पोटासाठी. ती परत पाठव. तिचं बूच खराब निघालं. यंदा बुचं नव्या माणसाकडून घेतली आणि त्यांचं रबर तेलात उतरायला लागलं. घाबरण्यासारखं काही नाही, पण आपल्या कारखान्याच्या तेलाला रबराचा वास म्हणजे बाबांचं नाक कापल्यासारखं. तुला माहीत आहेच.

आत्या म्हणाली होती की मेहुण्यांना जेवल्यावर पोटात कळ येते, डॉक्टरांनी पुदिन्याचं तेल सांगितलंय आणि तुमच्याकडे बरं मिळत नाही. म्हणून पाठवलं. सोबत चिठ्ठी ठेवायला बसले होते, पण अकरा वर्षांनी काय लिहायचं ते सुचेना. शेवटी बाटलीवरच 'पाच थेंब, दोन वेळा, मधातून' एवढं लिहिलं आणि बूच लावलं. बाटली अजून उघडली नसेल तर उत्तम. उघडली असेल तरी बिघडलं नाही, फक्त यापुढे देऊ नकोस. मी लगेच दुसरी पाठवते, पहिल्या धारेच्या तेलाची. (हसू नकोस. कारखान्यात अजून तसंच म्हणतात आणि नवीन माणसं अजून तशीच दचकतात.)

इकडे बाकी ठीक. तपासणीचं यंत्र तीन आठवडे बंद होतं, एका सुट्या भागावाचून अडलं होतं. सोमवारी मेकॅनिक येऊन गेला. तेव्हापासून मी मागचे नमुने एकेक करून यंत्रावर घालतेय, त्यामुळे डोळ्यांचे कोळसे झालेत. बाबा चौऱ्याहत्तरचे झाले, तरी सकाळी आठला वासाच्या खोलीत हजर.

सोबत लाकडी खोका आणि कापूस पाठवतेय, त्यात बाटली नीट बसेल. लगेच पाठव. लगेच म्हणजे हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी.

ताई


२१ जून

नाकतोड्या,

तुझं कार्ड मिळालं. 'दिलेली वस्तू परत मागायची तुझी जुनी सवय. बाटली मिळणार नाही.' अकरा वर्षांत दोन वाक्यं. तीही अशी.

आईच्या शालीवरून बोलतेयस ना? बोल. स्टेशनवर तुझ्या खांद्यावर मी स्वतः घातली आणि महिन्याच्या आत पत्र टाकून परत मागितली. तू धुऊन, इस्त्री करून पाठवलीस, घडीत एक पिन लावून. ती पिन मला बोचावी म्हणूनच लावली होतीस, आणि बोचली. पण शालीचं वेगळं, बाटलीचं वेगळं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्या-माझ्याबद्दलच.

बुचाचं खोटं होतं. तुझ्या कार्डानंतर मी ताळ्यावर आले, तर आता ऐक. त्या तेलात दुसऱ्या झाडाचा थोडा भाग मिसळलाय. खालच्या शेताला ओढ्याची कड आहे, तिथे यंदा निंदणीची एक पाळी चुकली आणि रानपुदिना आत घुसला. तोच, जांभळ्या गुच्छांचा, ज्यात तू लपून बसायचीस आणि बाबा 'नाकतोडा कुठे उडाला' म्हणून हाका मारायचे. कापणीवाल्यांनी तो आपल्या पुदिन्याबरोबरच कापला आणि सगळं एका भट्टीत गेलं.

तू शिकली नाहीस, म्हणून सोपं करून सांगते. आपल्या तेलात चाळीस टक्क्यांच्या वर मेन्थॉल असतं. आतड्याच्या स्नायूंना पेटके येतात ते मेन्थॉलने सैल पडतात, म्हणून कळ थांबते. त्याखालोखाल मेन्थोन. मग थोडं सिनिओल, ज्याने सर्दीत नाक मोकळं होतं. आणि पुलेगोन नावाचं एक द्रव्य, चांगल्या तेलात ते शंभरात एक-दोन भाग एवढंच. रानपुदिन्याचा कारभार उलटा. त्याच्या तेलात पुलेगोनच मालक आणि बाकीचे नोकर. ते पोटात जाऊ नये. थोडं गेलं तर मळमळेल, डोकं जड होईल.

चूक काटेवाल्या काकांची. भारे वजनाला येतात तेव्हा उघडून बघायचं काम त्यांचं, त्यांनी बघितलं नाही. मी त्यांना चांगलं झापलंय. तेलाचं पिंप मी बाजूला काढून त्यावर 'पाणी राहिलं आहे, पुन्हा गाळणे' अशी चिठ्ठी लावली, त्यामुळे एक थेंबही गिऱ्हाइकाकडे गेला नाही. बाहेर गेलेली एकच बाटली, ती तुमच्याकडची.

मेहुण्यांनी किती घेतलं एवढं कळव. राग नंतर काढ, मी कुठे पळून जात नाही.

ताई


२४ जून

बाळ,

मेहुण्यांचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलंय त्यांनी, कारखान्याच्या पत्त्यावर. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी वासाच्या खोलीच्या दारात उभी होते, तिथेच वाचलं. पूर्ण वाचलं. तुलाही कळावं म्हणून त्यातलं उतरवून काढते.

'ती. ताईंस, तुमच्या घड्याळजीचा नमस्कार. अक्कडसासूला, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीला, जावयाने घाबरून असावं असं म्हणतात, पण तुम्ही औषध पाठवलंत तेव्हा भीती गेली. मागच्या वर्षीच्या काविळीनंतर माझं पोट कधी धड नव्हतं. आता सकाळ-दुपार-संध्याकाळ तुमचे थेंब घेतो. पाचांनी इतकं बरं वाटलं की दहा करून टाकले. हिला सांगू नका, पण बाटली आली त्या दिवशी ही खिडकीशी जाऊन बराच वेळ पाठमोरी उभी होती. तुम्हा दोघींचं घड्याळ एवढ्या वर्षांनी चालू होतंय, असं माझ्या मनाने घेतलंय.'

दिवसाला तीस थेंब. आणि कावीळ! आत्याने काविळीचं सांगितलंच नाही मला. पोट, कळ, जेवण एवढंच सांगितलं. मी विचारलंही नाही म्हणा.

मी तडक ऑफिसातून तुमच्या खालच्या औषधवाल्यांना फोन लावला. त्या घरचे निरोप वर आणायचे नाहीत, अशी तू ताकीद देऊन ठेवलीयस म्हणाले. मी म्हटलं, जीवाचा प्रश्न आहे, घड्याळजींना बोलवा. ते म्हणाले, 'ते कुठे आहेत इथे? दूरच्या एका शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बसवायला गेलेत, महिनाअखेरीला येतील. माझ्यासमोरच तर बाटली पिशवीत टाकली त्यांनी. म्हणाले, हिच्याशिवाय आता माझं पान हलत नाही.' मी सांगितलं की त्या बाटलीत विष आहे, आत्ताच्या आत्ता वर जाऊन माझ्या बहिणीला सांगा आणि ती काय म्हणते ते मला येऊन सांगा. फोन धरून ठेवला. माझ्या कानात त्यांच्या जिन्यावरच्या चपला वाजत होत्या. खाली आले आणि म्हणाले, 'सांगितलं हो ताई. ती म्हणाली, ताईला म्हणावं, काय ते लिहून पाठव.'

काय ते लिहून पाठव! अगं, लिहिण्यात चार दिवस जातात! शाळेचा पत्ता त्यांच्याकडे नाही, तो तुलाच ठाऊक. हे पत्र जलद टपालाने जातंय. पोचेल त्या क्षणी त्यांना तार कर, थेंब बंद म्हणावं, आणि तिथल्या दवाखान्यात रक्त तपासून घ्या म्हणावं. डॉक्टरांना 'पुलेगोन' हा शब्द लिहून दाखवा.

आता लिहितेच. मागच्या पत्रात 'थोडा भाग' लिहिलं होतं. यंत्रावर पुलेगोन सत्तावीस टक्के आलं. मी तोच नमुना तीनदा घातला, आलेखावर तेच टोक तीनदा तितकंच उंच. पुलेगोन यकृतात गेलं की त्याचं आणखी वाईट द्रव्य बनतं. ते झेलायला यकृतापाशी स्वतःचा एक साठा असतो. तो आहे तोवर माणूस ठणठणीत, हसतो, बोलतो, मनोऱ्यावर चढतो. साठा संपला की मग यकृत जळायला लागतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्याची कावीळ नुकती बरी झाली त्याच्याजवळ साठा मुळात किती उरला असेल? शिवाय त्या तेलातही तीस टक्के मेन्थॉल आहेच. ते आपलं काम चोख करतंय, कळ थांबवतंय. म्हणून त्यांना बरं वाटतंय. मला भीती आहे ती त्यांच्या 'बरं वाटतं' याच वाक्याची.

आणखी एक. काटेवाल्या काकांनी काही केलेलं नाही. ते तीन वर्षांपूर्वीच घरी बसले, गुडघ्यांमुळे. तुला तिथे बसून काय कळणार, म्हणून त्यांचं नाव टाकलं. ते पिंप मी पास केलं. यंत्र बंद होतं, म्हणून वासावर पास केलं. तेलात बुडवलेली कागदाची पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले, मान डोलावली आणि वहीत सही केली. बाबा शेजारी उभे होते. त्यांना सर्दी होती.

तार कर. माझ्यावर थुंक, पण आधी तार कर.

ताई


२५ जून

कालचं पत्र टाकून आले आणि तुझाच विचार करत राहिले. सकाळी आंघोळीचं पाणी तसंच सोडून बाहेर आले आणि लिहायला बसलेय.

मला एक कोडं सुटत नव्हतं. बाटली तुझ्या घरात आली. ती तू उघडली असणार, कारण मधातून थेंब देणार तूच. मग तुला वास कसा आला नाही? आंधळ्या माणसाला दिवा दिसला नाही तर समजू शकतं. पण तू? तू आठ वर्षांची असताना सांगायचीस, या भाऱ्यात वरच्या शेताचा पुदिना आहे आणि त्या भाऱ्यात खालच्या. सत्तावीस टक्के पुलेगोन तुझ्या नाकाखालून गेलं आणि तू गप्प बसलीस?

मग लख्ख उजेड पडला. तुला वास आला असणार. तू त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीस. आणि का ठेवला नाहीस ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे.

ती परीक्षा आठव. बाबांनी सगळ्या कामगारांना वासाच्या खोलीत बोलावलं होतं. तीन पट्ट्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा. शाई चालत नाही, शाईला वास असतो, हा बाबांचा नियम. तीनपैकी एका पट्टीवर रानपुदिना. जी ओळखेल ती कारखान्याचं नाक, बाबांच्या शेजारची खुर्ची तिची. मी सत्तावीस वर्षांची, रसायनशास्त्र घासून घासून वर आलेली. तू वीस वर्षांची, हातात पेरू घेऊन आलेली. बाबांनी तो बाहेर ठेवायला लावला.

पट्ट्या तयार करून बाबा माणसं गोळा करायला गेले आणि मी आधी आत शिरले. सराव म्हणून तिन्हींचा वास घेतला. नाकतोड्या, मला तिन्ही सारख्या आल्या. पुन्हा घेतला. सारख्याच. काहींना लाल-हिरवा कळत नाही ना, तसं मला पुलेगोन कळत नाही. बाकी सगळं कळतं, कापूर, लवंग, करपलेलं, आंबलेलं. तेवढं एक नाही. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि बाहेर बाबांच्या चपला वाजायला लागल्या होत्या.

टेबलावर बाबांची वही उघडी होती, आकडे त्यांच्या लक्षात राहत नाहीत म्हणून सगळं वहीत लिहायचे. त्यात 'रानपुदिना, क्रमांक दोन' असं लिहिलेलं. मी तेवढं बघून बाहेर पडले असते तर बरोबरीत सुटलो असतो, दोघींनीही 'दोन' म्हटलं असतं. पण मला बरोबरी नको होती. बरोबरीत बाबांनी तुलाच घेतलं असतं, मला माहीत होतं. म्हणून मी वहीतला दोन खोडरबराने पुसला आणि तीन केला. तोही पेन्सिलीनेच लिहिलेला होता. बाबांचा तो एक नियम मला फार उपयोगी पडला.

तू आलीस. पट्टी नाकाजवळ नेलीस न नेलीस आणि म्हणालीस, 'दोन. ओढ्याकाठचा आहे हा.' मी पाच मिनिटं डोळे मिटून उभी राहिले आणि म्हणाले, तीन. बाबांनी पट्टी हुंगलीच नाही, वही बघितली आणि हसले. 'नाकतोड्याचं नाक नुसतं मुरडायला आहे.' भट्टीवाले हसले, भारेवाले हसले. मीही हसले. तू पुन्हा दोन नंबरची पट्टी उचललीस, पुन्हा हुंगलीस आणि तुझा चेहरा कसा झाला ते मी अकरा वर्षं रोज बघतेय. तू आमच्यावर चिडली नव्हतीस. तू स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला होतास.

तू बरोबर होतीस. दुसऱ्या क्रमांकाचीच पट्टी.

तू निघून गेल्यावर मी यंत्र मागवलं. बाबांना सांगितलं, गिऱ्हाइकांना कागद लागतो. रोज आधी यंत्रावर बघायचं, मग बाबांसमोर डोळे मिटून पट्टी हुंगायची. अकरा वर्षं नाकाने कांदे सोलले मी. शाल परत का मागितली तेही सांगते. तू ती पांघरून कुठेतरी सुखात बसली असशील, हे मला सहन होईना.

आता तरी विश्वास ठेव. माझ्यावर नको, तुझ्या नाकावर ठेव. घरात त्या तेलाचा डाग कुठे पडला असेल, चमच्याला, फडक्याला, तर हुंगून बघ. तुला जे वाटेल ते खरं आहे.

एक तारखेच्या गाडीचं तिकीट काढलंय. त्याआधीची मिळत नाही. दार लावून घेतलंस तरी मी जिन्यात बसेन, फक्त ते परत आलेत आणि बरे आहेत एवढं आतून ओरडून सांग.


२७ जून

तुझ्याकडून तार नाही, निरोप नाही. औषधवाल्यांना रोज फोन करतेय. आज ते म्हणाले, 'ताई, ती भाजी आणायला गेलीय.' भाजी!

बाबांना सांगितलं. तुझ्याआधी त्यांना सांगायला हवं होतं की तुझ्यानंतर, ते कळत नाही, पण सांगितलं. ते वासाच्या खोलीत पट्ट्या कापत बसले होते. मी पिंपाचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं, वहीचं सांगितलं. कात्री चालत राहिली. मग म्हणाले, 'मग इतकी वर्षं वास कोण घेत होतं?'

'यंत्र, बाबा.'

'आणि तुला काहीच येत नाही?'

'तेवढं एक येत नाही.'

त्यांनी उठून त्या पिंपातलं तेल पट्टीवर घेतलं आणि हुंगलं. सर्दी आता गेलीय त्यांची. एकदाच हुंगलं आणि पट्टी पालथी ठेवली. मला वाटलं, आता कडाडतील, माझी खुर्ची बाहेर जाईल, मी तयारीत उभी होते. ते म्हणाले, 'म्हणजे ती बरोबर होती.' मी हो म्हटलं. मग म्हणाले, 'मी हसलो होतो गं.' आणि पुन्हा कात्री घेतली. पट्ट्या वाकड्या कापल्या जात होत्या.

पिंपावरची खोटी चिठ्ठी मी काढली. त्यावर 'रानपुदिना, सत्तावीस टक्के पुलेगोन, चूक माझी' असं लिहून सही केली. दुपारी कामगार एकेक करून वाचून गेले.

मला आता कारखान्याचं काही वाटत नाही. तो माणूस मनोऱ्यावर चढून, माझ्या अक्षरातली बाटली खिशात घालून, घड्याळाचे काटे लावतोय, एवढंच सारखं डोळ्यांसमोर येतं. कळव गं. शिव्या दे, पण कळव.


२९ जून

ताई,

तार मिळाली असेल: 'तो बरा. निघू नकोस. पत्र पाहा.' आता नीट सांगते.

त्याने तुझ्या तेलाचा एक थेंबही घेतलेला नाही.

बाटली आली त्या दिवशी बूच काढलं आणि मनाने थेट ओढ्याकाठी जाऊन बसले मी. तोच वास. खिडकीशी नेऊन पुन्हा घेतला, तोच. पण मग बाबांचं हसणंही आलं त्याच्याबरोबर. म्हटलं, मी नेमकी इथेच तर चुकते. सगळ्यांसमोर चुकले होते. आणि हे तेल ताईने पास केलंय, जी चुकत नाही. तुला काय लिहू? नापासाने पास झालेल्याला पेपर शिकवायचा?

पण ताई, प्रयोग करायला मला दुसरा नवरा नाही. तुझं तेल मी मुरंब्याच्या बरणीत ओतलं, झाकण लावलं आणि फळीवर मागे सारलं. लेबल न भिजवता बाटली आतून गरम पाण्याने घासून धुतली आणि खालच्यांकडून पुदिन्याचं साधं तेल आणून तिच्यात भरलं. त्यांना वाटलं, सर्दीसाठी नेतेय. नवऱ्याला सांगितलं नाही. तो लेबलवरून अंगठा फिरवत म्हणत होता, 'बघ, ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय.' त्याला काय सांगू, की तुमच्या ताईंनी काय पाठवलंय? आणि माझं नाक चुकत असेल, तर उगाच तुझ्यावर आळ. तीस थेंब घेतो ते खालच्यांच्या तेलाचे. तेवढेही जास्तच आहेत, काल आला तेव्हा दम दिलाय. रक्तही तपासलं, तुझ्या त्या शब्दासकट. सगळं ठीक आहे.

तुझं बुचाचं पत्र आलं तेव्हा शंका आली. काटेवाल्या काकांचं वाचलं तेव्हा खात्री झाली की तू काहीतरी लपवतेयस. काका घरी बसल्याचं आत्याने मला कधीच सांगितलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तुझा फोन आला, 'विष' म्हणालीस. म्हणजे माझं नाक बरोबर होतं. मग तुला कसं कळलं नाही? तेवढं मला तुझ्याकडून हवं होतं, आणि तोंडी नको होतं. तोंडी तू काहीही वळवतेस. म्हणून म्हटलं, लिहून पाठव.

पाच दिवस तुला जाळलं. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले आणि काहीच न घेता परत आले.

मग पंचवीस तारखेचं पत्र आलं. माफ केलं का, ते आत्ता विचारू नकोस. एक सांगते, त्यावरून तुला काय ते समजेल. दूध नासलंय का, गॅस उघडा राहिलाय का, हे मी अकरा वर्षं नवऱ्याला विचारते. 'अहो, जरा बघा ना, वास येतोय का.' त्याला वाटतं मला नाकाचा काही आजार आहे. गोळ्यासुद्धा आणल्या होत्या बिचाऱ्याने. काल तुझं पत्र वाचलं, उठले, दुधाचं पातेलं उघडलं आणि स्वतःच हुंगलं. आणि मग रडले, दूध चांगलं होतं तरी.

कापणी संपेपर्यंत येऊ नकोस, बाबांना एकटं टाकू नकोस. नंतर ये. येताना आईची शाल आण. या वेळी मी मागतेय, आणि परत देणार नाही.

सोबत छोट्या पाकिटात तीन पट्ट्या आहेत. एक तुझ्या तेलाची, मुरंब्याच्या बरणीतल्या. एक खालच्यांच्या तेलाची. एक माझ्या खिडकीतल्या कुंडीतल्या पुदिन्याची पानं चुरडून. बाबांना दे. भट्टीवाले, भारेवाले, जे असतील त्यांना बोलव. तूही हुंग. तुला सारख्या येतील, तसं मोठ्याने सांग. माझं उत्तर वेगळ्या चिठ्ठीत घडी घालून ठेवलंय, ते सगळ्यांचं झाल्यावर उघडा.

पट्ट्यांवरचे आकडे शाईने घातलेत. बाबा कुरकुर करतील, वास येतो म्हणतील. येऊ दे. रानपुदिना त्यातूनही कळतो.

नाकतोडा